परत आणू का तिला?

निकालानंतर ज्या घरांनी पेढे वाटले, त्याच घरांतून सहा-सात महिन्यांनी मला, समुपदेशकाला, हमखास फोन येतो. ‘मॅडम, बाहेर शिकायला पाठवली, पण आता तिथं राहवत नाही म्हणते. परत आणू की तिथंच ठेवू?’ शहर दिल्ली असो, मुंबई असो की बंगळूर, प्रश्न तोच. म्हणून एका मुलीची हकिगत जरा सविस्तर लिहिते. तिला मैथिली म्हणू. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मैथिली गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली. वडील कदंबच्या बसवर कंडक्टर, आई सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिक्षिका. चौथीपर्यंत मराठीतून शिकली, पाचवीपासून इकडच्या बहुतेक मुलांसारखं इंग्रजी माध्यम. दहावी-बारावी दोन्हींत शाळेत पहिली. दिल्ली विद्यापीठाचे पदवी प्रवेश २०२२ पासून सीयूईटी या सामायिक प्रवेश परीक्षेच्या गुणांवर होतात. ती परीक्षा तिनं दिली आणि नॉर्थ कॅम्पसवरच्या एका नावाजलेल्या कॉलेजात इकॉनॉमिक्स ऑनर्सला जागा मिळवली. गावात फलक लागला. देवळाच्या सभामंडपात शाल-श्रीफळ झालं, पंच बोलले, सरपंच बोलले. फलकावरचा फोटो पावसात फिका पडला तरी काढायचं कुणाच्या मनात आलं नाही.

गणपतीच्या चवथीला ती आली नाही. तिकीट महाग आहे, अभ्यास आहे, असं म्हणाली. आईच्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हाच. जानेवारीत सत्राची परीक्षा आटोपून घरी आली आणि परत जायचं नाव काढेना. दिवसभर झोपायची, जेवणाला बसली तरी पानात चिवडत राहायची. विचारलं की ‘बरं आहे सगळं’. वडील एकटेच माझ्याकडे म्हापशाला आले. खुर्चीवर नीट टेकलेसुद्धा नाहीत, आणि पहिलं वाक्य मुलीबद्दलचं नव्हतंच. म्हणाले, ‘बसमध्ये रोज चार जण तरी विचारतात, दिल्लीवाली काय म्हणते? त्यांना काय सांगू?’

ते वाक्य मी वहीत लिहून ठेवलं.

मैथिली आली तेव्हा पहिला अर्धा तास हवापाण्याच्या गप्पांत गेला. मग मी सरळ विचारलं, ‘जगू नये असं कधी वाटतं का?’ हा प्रश्न विचारला तर नसलेला विचार मुलांच्या डोक्यात शिरेल, अशी भीती पालकांना फार असते. तसं होत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून मुलं बोलायला लागतात. ती म्हणाली, ‘मरावंसं नाही वाटत. पण सकाळ झालीच नाही तर बरं, असं वाटतं.’ एवढं ऐकल्यावर नुसत्या बोलण्यावर विसंबून राहायचं नसतं. त्याच आठवड्यात मी तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. झोप आणि भूक यांची घडी त्यांनी बसवली. बाकीचं आम्ही दोघींनी हातात घेतलं.

हळूहळू दिल्ली बाहेर पडू लागली. वर्गात गोव्याची म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, ‘मग काय, रोज बीच?’ सत्तरीतल्या मुलीचं बालपण सुपारी-नारळाच्या कुळागरात आणि काजूच्या बागेत गेलेलं. समुद्र पाहायला तिला इतर पर्यटकांसारखी सहलच काढावी लागते! सुरुवातीला ती समजावून सांगायची, मग नुसती हसायची. मग त्या घोळक्याकडे फिरकायचीच बंद झाली. हिंदी बोलली की कुणीतरी तिची नक्कल करी. इंग्रजी तिचं लिहिताना उत्तम, पण पाचजणांच्या भरभर चाललेल्या चर्चेत वाक्य मनात जुळेपर्यंत विषय पुढे गेलेला असे.

तिथल्या कॉलेजांत वादविवाद, नाट्य, क्विझ, फायनान्स अशा कितीतरी सोसायट्या असतात आणि पहिल्या काही आठवड्यांतच त्यांच्या निवडचाचण्या होतात. खरी दोस्ती जमते ती तिथं, वर्गात नाही. मैथिलीनं प्रयत्न केले, कुठेच नाव लागलं नाही. पीजीतल्या खोलीतली मुलगी लखनौची. तिला ऑक्टोबरातच इंटर्नशिप मिळाली आणि लिंक्डइनवर अभिनंदनांचा पाऊस पडला. इकडे मैथिलीच्या पहिल्या सत्राला सात विषय. तीन इकॉनॉमिक्सचे, त्यांत गणिती पद्धती आणि संख्याशास्त्र, शिवाय भाषा, कौशल्य, मूल्यशिक्षण वगैरे. ट्युटोरियलमध्ये गट लहान, त्यामुळे गप्प बसलेली मुलगी लगेच डोळ्यावर येते. म्हणून तिनं ट्युटोरियललाच जाणं सोडलं. हजेरी घसरली. घरी फोनवर मात्र ‘डिबेटमध्ये घेतलं मला’ असं सांगून टाकलं, आणि मग दर रविवारी त्या डिबेटच्या नव्या गोष्टी रचाव्या लागल्या. या खोटं बोलण्यानं ती अभ्यासापेक्षा जास्त दमली होती, असं माझं मत.

‘मी चुकून आत आले तिथं,’ ती म्हणाली. हे मी दरवर्षी ऐकते. ऑस्ट्रेलियातले मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट मार्श यांनी १९८०च्या दशकात दाखवून दिलं, की सारख्याच कुवतीची दोन मुलं घेतली तर ज्याच्या शाळेतली बाकीची मुलं जास्त हुशार, त्याला स्वतःबद्दल कमी विश्वास वाटतो. कुवत तेवढीच असते, फक्त शेजारी बसणारे बदललेले असतात. मैथिलीला हे पटलं, पण पटून ती उठली नाही. माहितीनं माणूस उठत नाही.

ती उठली कागदामुळे. मी म्हटलं, ‘समज, तू परत आलीस. काय काय जाईल ते लिही.’ तिनं लिहिलं: वर्ष फुकट, आईबाबांची मान खाली, गावात हसं, आयुष्य संपलं. मग आम्ही एकेक ओळ तपासली. वर्ष फुकट? नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे तिथं पहिलं वर्ष पुरं करून बाहेर पडलं तर सर्टिफिकेट मिळतं, दोन वर्षांनी डिप्लोमा, आणि मिळवलेली क्रेडिट्स ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा राहतात. म्हणजे निदान जूनपर्यंत काढले तर हातात काहीतरी राहतं. ती ओळ खोडली गेली. गावात हसं? किती दिवस? तिनं जरा विचार करून लिहिलं, ‘शिगमा येईपर्यंत.’ त्या दिवशी ती पहिल्यांदा हसली.

उरली आईबाबांची मान. त्यासाठी त्या दोघांना बोलावलं. वडिलांना मी विचारलं, ‘ती परत आली, इथंच शिकली, तर घरात काय होईल?’ बराच वेळ गेला. मग ते म्हणाले, ‘काय होणार? भात वाढणार.’ मैथिली समोरच बसली होती. तिला हे ठाऊक असेल असं त्यांनी गृहीत धरलं होतं. तिला ठाऊक नव्हतं. फलक, सत्कार, बसमधले ते चार जण, या सगळ्यांत परतीचा रस्ता बंद झाला असं तिनं धरून ठेवलं होतं. जिथून परत फिरताच येत नाही अशा जागी कुणाचंही मन लागत नाही, मग ते कितीही मोठ्या नावाचं विद्यापीठ असो. माझं पालकांना सांगणं असतं ते एवढंच: ‘परत ये’ किंवा ‘तिथंच राहा’ यांतलं काही आधी बोलू नका. परत आलीस तरी चालेल, एवढं तिच्या कानावर घाला आणि निर्णय तिला घेऊ द्या. आणि सत्कार करायचेच असतील तर पदवी मिळाल्यावर करा. हे मी गावोगावी सांगते, कुणी ऐकत नाही.

तिनं परत जायचं ठरवलं, जूनपर्यंत. एक अट तिनंच घातली, रात्री अकरानंतर या विषयावर कसलाही निर्णय नाही. फोनवर ‘नंबर कितवा?’ ऐवजी ‘आज कुणाबरोबर जेवलीस?’ असं विचारायचं आईनं कबूल केलं. शिक्षिकेला ते जड गेलं. ट्युटोरियलला आठवड्यातून एक प्रश्न विचारायचा, तोही आधी लिहून न्यायचा.

आणखी एक गोष्ट केली. अमेरिकेतल्या ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन यांचा २०११चा एक प्रयोग आहे. एका नामांकित कॉलेजातल्या नव्या मुलांना वरच्या वर्गातल्यांचे अनुभव वाचायला दिले होते, ‘आम्हालाही सुरुवातीला इथं परकं वाटलं, मग ओसरलं’ अशा अर्थाचे. तासाभराचंच काम, पण कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या गुणांवर त्याचा परिणाम पुढची तीन वर्षं दिसला. आमच्याकडे प्रयोगशाळा कुठली! ओळखीतून फोंड्याची एक मुलगी मिळाली, तिथंच तिसऱ्या वर्षाला. तिनं मैथिलीला कमलानगरात चहाला नेलं आणि सांगितलं, की पहिलं अख्खं सत्र तिनं बाथरूममध्ये रडून काढलं होतं. माझ्या चार बैठकींनी झालं नसतं ते त्या चहानं झालं.

मैथिली आता दुसऱ्या वर्षाला आहे. पहिली वगैरे नाही, मधल्या घोळक्यात आहे. गणिताचा पेपर अजून छळतो. डिबेटमध्ये शेवटपर्यंत घेतलं नाही तिला, पण अनुवादाचं काम करणाऱ्या एका छोट्या गटात रमली आहे. सगळ्यांचं असंच होतं असं नाही. डिचोलीचा एक मुलगा खरोखरच परत आला, ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठात शिकतो आणि मजेत आहे. त्याला परत आणणंच बरोबर होतं, कारण तो विषय त्याला मुळात नकोच होता.

घरातल्यांनी वाट बघत बसू नये अशी काही लक्षणं मात्र आहेत. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप किंवा जेवण बिघडणं, फोन उचलणं बंद होणं, वस्तू वाटून टाकणं, ‘मी नसले तर बरं’ अशी भाषा. असं काही दिसलं तर सुट्टीची वाट पाहू नका, कुणीतरी उठून तिथं जा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालतो, फुकट आहे आणि मराठीतही बोलता येतं. मूल दिल्लीत आणि तुम्ही वाळपईत असलात तरी तुम्हालाही तो फिरवता येतो. इथं असेल तर बांबोळीला मनोरुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग आहे. तिथं कोण ओळखीचं भेटेल म्हणून गाडी परत वळवणारे पालक मी पाहिले आहेत. भेटलंच कुणी, तर तेही त्याच कामाला आलेले असतात.