नऊशे ग्रॅमला 'फक्त' म्हणू नकोस

बाळा,

तुझा मेसेज रात्री पावणेबाराला आला तेव्हा मी जागीच होते. "मावशी, ११ दिवस झाले. फक्त ९०० ग्रॅम. माझ्याच्यानं नाही होणार." लगेच उत्तर दिलं असतं तर रागाच्या भरात दिलं असतं. म्हणून सकाळी सिद्धेश्वर तलावाकडे चालून आले, चहा घेतला आणि आता लिहायला बसले.

राग तुझ्यावर नव्हता, त्या 'फक्त'वर होता. त्या शब्दाशी माझं जुनं वैर आहे, ते पुढे सांगते.

आधी हिशेब. मी ३२ वर्षं बँकेत काढली, मला आकड्यांशिवाय बोलता येत नाही. तू ८४ किलो आहेस आणि मे महिन्यातल्या मैत्रिणीच्या लग्नापर्यंत ५८ व्हायचं ठरवलंस. म्हणजे सहा महिन्यांत २६ किलो. हा आकडा मोबाइलमधल्या तक्त्यातून आला म्हणतेस. तक्ता उंची बघून बोलतो, तू कुठून निघाली आहेस हे त्याला ठाऊक नसतं. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० उष्मांक. २६ किलोंचे होतात दोन लाखांच्या वर. १८० दिवसांत भागून बघ, रोज अकराशे उष्मांकांची तूट येते. दिवसभर खुर्चीत बसून काम करणाऱ्या तुझ्यासारखीला दिवसाला लागतात दोन हजारांच्या आसपास. म्हणजे सहा महिने, एकही दिवस न चुकता, निम्म्याहून कमी खायचं. भोगीच्या भाकरीला, होळीच्या पोळीला, हिवाळ्यात मामाच्या शेतावरच्या हुरड्याला नाही म्हणायचं. वर नोकरी करायची, रात्रीचे कॉल घ्यायचे. हे तुला जमणार नाही, मला जमलं नाही, कुणालाच जमत नाही. आणि जमलं नाही की आपण आकड्याला दोष देत नाही, स्वतःला देतो.

आता माझा आकडा ऐक. पाच टक्के, सहा महिन्यांत. ८४चे पाच टक्के म्हणजे ४ किलो २०० ग्रॅम. मे महिन्यात काटा ७९.८ दाखवेल, एवढंच मागायचं. याची रोजची तूट कागदावर १८० उष्मांक येते. शरीर कागदाप्रमाणे वागत नाही, वजन उतरायला लागलं की तेही खर्च आवरतं घेतं, म्हणून तू अडीचशे धर. चहाचा एक चमचा तेल म्हणजे ४५ उष्मांक. तुझ्या डब्यातल्या भाजीवर जो तेलाचा तवंग असतो ना, तेवढा रोज चमच्यानं बाजूला काढलास तरी निम्मं काम होतं. डबेवाल्या काकूंना सांगायला लाजू नकोस. "काकू, माझ्या डब्यात वरचं तेल नको," एवढंच तर म्हणायचंय.

तुला हे फारच किरकोळ वाटेल. मलाही वाटलं होतं.

१९९१ साली माझं लग्न ठरलं तेव्हा मी २४ वर्षांची होते. लग्नाला अडीच महिने होते आणि मला साडी चोपून नेसायची होती. आपल्याच गावात एक नवीन ठिकाण निघालं होतं, कमरेला पट्टा लावून थरथरवणारी मशिनं, जेवायला काकडी, पातळ सूप आणि एक फुलका. बारा किलो उतरले. सगळ्यांनी तोंडभरून कौतुक केलं, अल्बममध्ये मी सुंदर दिसते. पहिल्या मंगळागौरीपर्यंत त्यातले सहा परत आले होते. फुगड्या घालताना केसांचा पुंजका हातात आला, कारण उपासमार झाली की केस दोन-तीन महिन्यांनी गळतात, लगेच नाही, म्हणून कुणाला संबंध कळत नाही. वर्षभरात पंधरा किलो वाढले. पुढे पित्ताशयात खडे झाले. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "मधे झपाट्यानं वजन कमी केलं होतं का?" वजन घाईनं उतरलं की खड्यांचा धोका वाढतो, हे मला ऑपरेशनच्या टेबलावर जायच्या आधी कळलं.

शहाणी झाले असं वाटतंय तुला? नाही झाले. हाच खेळ आणखी चार वेळा खेळले. दर वेळी थोडं उतरलं आणि जास्त वाढलं. घरचे म्हणायचे, हिला जिभेवर ताबा नाही. मीही तेच मानत होते. खूप वर्षांनी वाचलं की अमेरिकेत वजन उतरवण्याच्या स्पर्धेचा टीव्हीवर एक कार्यक्रम होता, त्यातल्या १४ जणांना सहा वर्षांनी तपासलं. २०१६ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. बहुतेकांचं वजन परतलं होतं, आणि त्यांचं शरीर नुसतं बसल्या बसल्या जेवढे उष्मांक खर्च करायला हवं, त्यापेक्षा रोज सुमारे ५०० कमी खर्च करत होतं. ते वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. वीस वर्षं मी स्वतःला हावरट समजत होते. जीभ माझीच होती, ते मी नाकारत नाही. पण सगळा गुन्हा तिचा नव्हता.

२०१३ला माझं वजन ८६ होतं आणि साखरेचा तीन महिन्यांच्या सरासरीचा रिपोर्ट (एचबीए१सी) ६.३ आला. मधुमेह ६.५ला म्हणतात, म्हणजे मी उंबऱ्यात उभी होते. डॉक्टरांनी सांगितलं, चार किलो कमी करा. मला अपमान वाटला. चार? मी वीस उतरवायची तयारी करून गेले होते! ते म्हणाले, वीसची तयारी करणारे माझ्याकडे दरवर्षी येतात आणि दरवर्षी जास्त वजनाचे होऊन येतात. तुम्ही पाच टक्के आणा. मला सात महिने लागले. पुढच्या वर्षी आणखी चार-पाच किलो गेले. तेव्हापासून आजपर्यंत मी ७६ ते ७८मध्ये आहे. मी बारीक नाही आणि होणारही नाही. पण साखर ५.८वर आली आणि जिन्यावर दम लागत नाही. एवढ्यासाठी मी कुणाचंही ऐकून घेणार नाही.

तर पाच टक्के. हा काही माझ्या डोक्यातून निघालेला आकडा नाही. तू मेसेजच्या शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखं, पाळी तीन-तीन महिने येत नाही म्हणून लिहिलंस. खरं तर ते सगळ्यात वर लिहायला हवं होतं. अशी पाळी लांबते ती पुष्कळदा पीसीओडीमुळे, म्हणजे अंडाशयातल्या हार्मोन्सच्या बिघाडामुळे. त्यात वजन पाच ते दहा टक्के उतरलं तरी पुष्कळ मुलींची पाळी मार्गी लागते. ५८ किलो व्हावं लागत नाही. गुडघ्याचं बघायचं तर एक किलो उतरला की दर पावलाला गुडघ्यावरचा चार किलोंचा भार कमी होतो. आणि साखरेचं बघायचं तर चेन्नईच्या डॉक्टर रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबऱ्यातल्या आपल्या भारतीय माणसांचा जो अभ्यास केला, तो २००६ साली आला. चालणं आणि जेवण सुधारलेल्यांमध्ये मधुमेहाचं प्रमाण २८ टक्क्यांहून जास्त घटलं, आणि त्यांचं वजन म्हणावं तसं हललंही नव्हतं! काट्याला काही कळलं नाही, पण रक्ताला कळलं.

म्हणून टेप घे. काटा आठवड्यातून एकदा, तोही रविवारी सकाळी पोट साफ झाल्यावर. रोज वजन बघणं आजपासून बंद. मीठ, पाळी, रात्रीचं जेवण यांनी एका दिवसात किलो-दीड किलो इकडेतिकडे होतं, ते पाणी असतं. तुझ्या त्या ९०० ग्रॅममध्येही निम्मं तरी पाणीच असेल. खोटं कशाला बोलू. साठवलेल्या साखरेबरोबर शरीर तिच्या तिप्पट पाणी धरून ठेवतं, खाणं कमी केलं की आधी ते निघतं. म्हणून लोकांचे पहिल्या आठवड्यात तीन किलो जातात आणि चौथ्या आठवड्यात काटा थांबतो. तो थांबला की घाबरू नकोस, आणि मला रात्री पावणेबाराला मेसेजही करू नकोस.

कमरेचं माप मात्र महिन्याला घे, बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडून. आपल्याकडे बायकांना ८० सेंटिमीटरच्या वर गेलं की सावध व्हायचं. आपण भारतीय दिसतो त्यापेक्षा आतून चरबीचे असतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले मित्र डॉक्टर जॉन युडकिन यांनी २००४ साली स्वतःचाच दाखला देऊन हे दाखवलं. उंची-वजनाचं गुणोत्तर दोघांचंही अगदी सारखं, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२. काटा दोघांना एकच सांगत होता. आता तू ठरव त्याच्या शब्दावर किती रडायचं.

तुझ्या ऑफिसातली मुलगी इंजेक्शन घेते आणि झरझर उतरते म्हणालीस. ते औषध खोटं नाही. तुझ्या डॉक्टरांनी तपासून दिलं तर घे, त्यात कमीपणा नाही. पण अशाच इंजेक्शनातल्या सेमाग्लुटाइड या औषधाच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं, आणि बंद केल्यावर वर्षभरात त्यातलं दोन तृतीयांश परत आलं. एवढं ताकदीचं औषध सव्वा वर्षाहून जास्त घेऊन १५ टक्के देतं. तू औषधाशिवाय २६ आठवड्यांत ३१ टक्के मागते आहेस. कुणाकडे मागते आहेस? त्याच शरीराकडे ना, ज्यानं तुझी बारावी, तुझं इंजिनिअरिंग, तुझ्या रात्रपाळ्या ओढल्या?

दोनच वेळा जेवा म्हणणाऱ्या दीक्षितांचं करू की थोडं थोडं खा म्हणणाऱ्या दिवेकरांचं, हा वाद माझ्यापुढे आणू नकोस. आपल्याकडे घरोघरी त्यावरून भांडणं झाली आहेत. दोन वेळा जेवून तुला पित्त होत नसेल तर दोन वेळा जेव, होत असेल तर चार वेळा थोडं थोडं खा. मला एकच विचारायचं आहे, पुढच्या वर्षी या दिवसांत तू तसंच खात असशील का? नसशील तर आजही सुरू करू नकोस. जे खाणं वर्षभर निभणार नाही त्यानं उतरलेलं वजन उसनं असतं, आणि ते व्याजासकट परत करावं लागतं, मी केलं आहे. आणि तुझ्या सोमवारच्या उपासाचं कौतुक करू नकोस. साबुदाणा, दाण्याचं कूट, तूप, वर बटाटा. एकादशी दुप्पट खाशी म्हणतात ते उगाच नाही.

चालणं रोज. पण तासभर चाललीस तर अडीचशे-तीनशे उष्मांक जातात, म्हणजे एक वडापाव. चालून खाणं फिटत नाही. चालायचं ते उतरलेलं टिकावं म्हणून, झोप लागावी म्हणून. आठवड्याला दीडशे मिनिटं धर. जिममधल्या त्या ट्रेनरनं तीन महिन्यांत पंधरा किलोंची हमी दिली आहे ना? हमी लिहून माग, आणि त्यापुढच्या तीन वर्षांची पण माग.

आता ते वैर.

माझी धाकटी बहीण, तुझी धाकटी मावशी. तू तिला पाहिलंयस, हळू बोलते ती. २००४ साली तिनं पहिल्यांदा मनावर घेतलं. कुणालाही न सांगता दोन महिने संध्याकाळी चालली, भात निम्म्यावर आणला. मग एका दुपारी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "ताई, दोन किलो कमी झालं." चेहरा असा फुलला होता. मी तेव्हा माझ्या चौथ्या खुळात होते, महिन्यात सात किलो उतरवून बसले होते. मी म्हटलं, "फक्त?"

वाईट मनानं म्हटलं नव्हतं. आजही मी स्वतःला तेच सांगते, की तिनं आणखी जोर लावावा म्हणून म्हटलं, आपल्या घरात प्रेम असंच करतात, आईही आमच्याशी असंच बोलायची. सगळं खरं आहे. पण तिनं त्या दिवसापासून चालणं सोडलं, आणि पुन्हा कधी मला तिचं वजन सांगितलं नाही. माझे सात किलो चार महिन्यांत परत आले. तिचे दोन कदाचित टिकले असते. तिचं वजन तेव्हा ७४ होतं, दोन किलो म्हणजे पाच टक्क्यांची निम्मी वाट ती कुणाच्याही मदतीशिवाय चालून आली होती. आज ती इन्सुलिन घेते आणि जिना उतरताना कठडा धरते. वहीतली चूक मी खोडून दुरुस्त करू शकते, ही नाही करू शकत.

म्हणून काल रात्री तू स्वतःलाच ते म्हणालीस तेव्हा मला झोप लागली नाही.

या शनिवारी सुटी आहे ना? उपाशीपोटी रक्त देऊन ये, साखर, तीन महिन्यांची साखर, थायरॉइड. थायरॉइड निघालं तरी सगळं वजन त्याच्या माथी मारू नकोस, त्यानं सहसा थोडेच किलो वाढतात. डॉक्टर बाईंकडे पाळीचं दाखव आणि तीन महिन्यांचं तारखेनिशी सांग, "कधीकधी चुकते" असं नको. जेवणात रोज वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ हवीच, डब्यात पातळ पाण्यासारखं वरण येत असेल तर मटकी खोलीवर भिजत घाल.

संक्रांतीला सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेसाठी येशील तेव्हा सकाळी सहाला तलावावर माझ्याबरोबर यायचं. तोवर दोन महिने झालेले असतील. दीड किलो उतरलं असेल तर दीड सांग, काहीच नसेल तर तेही सांग. परत येऊन आपण बाजरीची भाकरी खाऊ, लोण्याचा गोळा घालून, एकच. तुझ्या धाकट्या मावशीलाही बोलावलं आहे मी. तिला अजून सांगितलं नाही की चालायलाही यायचंय.

तुझी,
मावशी