स्वीपर-कीपर, लिबेरो आणि दाराची कडी

प्रश्न : फुटबॉलमध्ये पायाने चांगला खेळणाऱ्या कोणत्याही गोलरक्षकाला हल्ली ‘स्वीपर-कीपर’ म्हणतात. हे बरोबर आहे का? आणि मराठीत त्याला काय म्हणावे?

उत्तर : बरोबर नाही. समालोचनात हे इतक्या वेळा कानावर पडते की आता राहवत नाही. गोलरक्षकाने शेजारी उभ्या सेंटर-बॅकला, म्हणजे मधल्या बचावपटूला, दहा यार्डांचा पास दिला, की झाला तो स्वीपर-कीपर! अहो, ती दोन वेगळी कामे आहेत. बचावफळी मध्यरेषेपर्यंत चढलेली असताना तिच्या पाठीमागे पडलेला लांब चेंडू पेनल्टी क्षेत्राबाहेर धावत येऊन काढणे, हे स्वीपरचे काम. २०१४च्या विश्वचषकात पोर्तो अलेग्रेला जर्मनीचा गोलरक्षक मानुएल नॉयर याने अल्जेरियाविरुद्ध जे केले ते हे. चेंडू आपल्या संघाकडे असताना मागून खेळ रचायला मदत करणे हे दुसरे काम. २०१७मध्ये मँचेस्टर सिटीत आलेल्या एडरसन या गोलरक्षकाचे नाव त्यासाठी घेतले जाते. एकच माणूस दोन्ही करू शकतो, नॉयर करतोच. पण तेवढ्यावरून दोन्ही कामांना एक नाव देता येत नाही.

‘स्वीप’ म्हणजे झाडणे हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात वेळ घालवत नाही. त्यावरून ‘झाडूवाला गोलरक्षक’ असे मराठीकरण काही जण सुचवतात, ते मात्र मुळीच स्वीकारू नये. इंग्रजीत जो स्वीपर, म्हणजे बचावफळीच्याही मागे थांबणारा बचावपटू, त्याला इटालियनात ‘लिबेरो’ म्हणतात, आणि मराठीने हात पुढे करायचा तर तिकडे.

‘लिबेरो’ म्हणजे मोकळा. पूर्ण शब्दप्रयोग ‘बात्तितोरे लिबेरो’, आणि तो रूढ करण्याचे श्रेय जान्नी ब्रेरा या इटालियन क्रीडापत्रकाराला दिले जाते. मोकळा कशापासून? ‘हल्ल्यात सामील व्हायला मोकळा’ असा अर्थ कधीकधी सांगितला जातो. हे साफ चूक आहे. मागून पुढे जाऊन हल्ल्यात उतरणाऱ्या जर्मन बचावपटू बेकेनबाउअरचा खेळ डोळ्यासमोर ठेवून मागाहून चिकटवलेला तो अर्थ आहे. मूळचा लिबेरो मोकळा होता तो माणूस धरण्याच्या कामातून. बाकीचे बचावपटू एकेका प्रतिस्पर्ध्याला चिकटलेले. याच्या वाट्याला कोणीच नाही, म्हणून हा सर्वांच्या मागे उभा राहून निसटलेले पकडणार. प्रशिक्षक हेलेनियो एरेराच्या इंटर मिलानमध्ये आर्मांदो पिक्की हेच करायचा, आणि त्या संघाने १९६४ व १९६५ असे लागोपाठ दोनदा युरोपियन कप जिंकले.

त्या पद्धतीचे नाव ‘कातेनाच्चो’, म्हणजे दाराची कडी. त्याआधी १९३०च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये कार्ल राप्पान या प्रशिक्षकाने अशीच रचना बसवली होती. तिचे फ्रेंच नाव ‘व्हेरू’, त्याचाही अर्थ अडसर किंवा कडीच. आता पाहा. ‘कातेनाच्चो’ आला लॅटिन ‘कातेना’वरून, आणि ‘कातेना’ म्हणजे साखळी. मराठीत साखळीच्या एका दुव्याला काय म्हणतात? कडी! दाराला लावतो तीही कडीच. संस्कृत ‘कटक’ म्हणजे वलय, त्यावरून ‘कडे’ आणि ‘कडी’. दोन भाषांचा या शब्दांपुरता काही संबंध नाही, तरी साखळीतून दार बंद करण्यापर्यंतची वाट दोघींनी आपापली काढली. हे जुळलेले पाहून मला जो आनंद झाला तो शब्दांत सांगता येत नाही. ‘कातेनाच्चो’ला कोणी ‘अतिबचावात्मक पद्धत’ असे लांबलचक नाव देऊ नये. ‘कडी पद्धत’ म्हणा, चित्र लगेच उभे राहते.

माझे म्हणणे असे, की लिबेरो फुटबॉलमधून गेलाच नाही, त्याने हातमोजे घातले. माणूस धरण्याऐवजी जागा धरून बचाव करण्याची पद्धत आली, बचावफळी वर चढून ऑफसाइडची रेषा (पास दिला जाताना जिच्यापुढे उभ्या प्रतिस्पर्ध्याला तो घेता येत नाही ती) राखू लागली, तेव्हा मागे थांबणारा जादा बचावपटू परवडेना. त्याच सुमारास, १९९२मध्ये, सहकाऱ्याने पायाने मुद्दाम मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाने हातात घ्यायला बंदी आली. मग त्याला पाय चालवणे भागच होते. २०१९पासून गोल-किकचा चेंडू पेनल्टी क्षेत्राबाहेर जाण्याआधीच सहकाऱ्याला घेता येतो, म्हणून खेळाची रचना थेट गोलपुढून सुरू होते.

संघाची रचना बचाव, मधली फळी आणि आघाडी अशा आकड्यांत सांगतात. त्यातल्या ४-३-३ किंवा ४-४-२ यांची बेरीज करा, दहा भरते. अकरावा त्या आकड्यांत धरलेलाच नसतो. आणि प्रतिस्पर्धी संघ चेंडू हिसकावायला वर चढतो तेव्हा हिशेब तिथेच चुकतो. त्यांचा गोलरक्षक दूर आपल्या गोलमध्ये, म्हणजे दाबायला दहा. इकडे पास द्यायला अकरा. जो एक सुटतो तो बहुधा गोलरक्षक. त्याच्या अंगावर जायचे तर दुसऱ्या कोणालातरी सोडावे लागते. म्हणजे चेंडू त्यांच्याकडे असताना याला कोणाला धरायचे नसते, आणि आपल्याकडे असताना याला कोणी धरलेले नसते. दोन्ही बाजूंनी मोकळा! पिक्कीला हे दुसरे मोकळेपण इतके कधी मिळाले नसेल. ‘स्वीपर-कीपर’ यातले पहिलेच सांगतो.

‘गोलरक्षक’ हा शब्दच आता जुना झाला, असे म्हणणाऱ्यांशीही मी सहमत नाही. ‘रक्ष्’वरून आपले ‘राखणे’ आले. शेत राखतात आणि चेंडूचा ताबाही राखतात. शब्दात दोन्ही कामे मावतात.

तर तुमचा प्रश्न. फळीमागची जागा सांभाळणाऱ्याला ‘स्वीपर-कीपर’ खुशाल म्हणा. दोन्ही कामे करणाऱ्याला ‘मोकळा गोलरक्षक’ म्हणावे. ‘लिबेरो गोलरक्षक’ही चालेल, व्हॉलीबॉलमुळे तो शब्द मराठी वाचकाला परका नाही. आणि जो गोलरेषा सोडत नाही पण पास नेमका देतो, त्याच्याबद्दल ‘गोलरक्षक पास चांगला देतो’ एवढेच लिहावे.