डोक्यातली ती केशरी केसांची

प्रश्न : ताई, माझी मुलगी 13 वर्षांची, आठवीत आहे. परवा सुट्टीत आम्ही सगळ्यांनी घरीच 'इनसाइड आउट 2' लावला, म्हटलं कार्टून आहे, हसूनखेळून होईल. शेवटी शेवटी ती मुलगी हॉकी खेळताना घाबरते ना, तिथे माझी लेक उठली, आत गेली आणि दार लावून घेतलं. विचारलं तर "काही नाही, झोप आली". दुसऱ्या दिवशी गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर ते केशरी केस उभे असलेलं पात्र काढलेलं दिसलं आणि खाली लिहिलं होतं, मी. तेव्हापासून माझी झोप उडालीये. आत्ताच असं तर दहावीत काय होईल, बारावीला काय, पुढे होस्टेलला गेली आणि तिथे बोलायला कोणी नसलं तर, आणि रूममेट कशी मिळेल कोण जाणे. सिनेमा दाखवून चूक केली का? की परत एकदा शेजारी बसवून नीट समजावून सांगू?
— एक आई, नाशिक

उत्तर : ताई, चूक बिक काही नाही. पण आधी एक सांगते, रागावू नका. त्या सिनेमात रायली नावाच्या मुलीच्या डोक्यातल्या भावनाच पात्रं असतात आणि एका कन्सोलवरून, म्हणजे बटणांच्या टेबलावरून, तिला चालवतात. त्यात एक सीन आहे, ती केशरी केसांची अँग्झायटी, म्हणजे धास्ती, रात्रीच्या वेळी रायलीच्या कल्पनेच्या कारखान्यात जाते, तिथे ओळीने बसलेल्या चित्रकारांना कामाला लावते आणि उद्या काय काय वाईट होऊ शकतं त्याची चित्रं काढून घेते, एक झालं की दुसरं, आणि रायली बिचारी पलंगावर टक्क जागी. आता तुमचं पत्र परत वाचा. दहावी, बारावी, होस्टेल, रूममेट. तुमच्याकडेही रात्रपाळी जोरात चालूये की हो!

आपल्या भाषेत याची एक गंमत आहे. काळजी घे म्हणतो तेव्हाही काळजीच आणि काळजी करू नको म्हणतो तेव्हाही काळजीच, मायेला आणि धास्तीला शब्द एकच. सिनेमातली अँग्झायटी अगदी तशीच आहे, ती खलनायिका नाहीये. आल्या आल्या ती सांगते की भीती रायलीला डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींपासून वाचवते आणि मी न दिसणाऱ्या गोष्टींपासून. सामानाच्या बॅगा घेऊन येते, सगळ्यांना मदत करायला बघते, हेतू अगदी स्वच्छ. मग तीन दिवसांच्या हॉकी कॅम्पमध्ये हळूहळू सगळा ताबा घेते, कारण दोन्ही जिवलग मैत्रिणी वेगळ्या हायस्कूलला जाणार हे रायलीला कॅम्पला जाताना गाडीतच कळलेलं असतं आणि आता मोठ्या मुलींच्या टीममध्ये जागा मिळाली नाही तर आपण एकट्या पडू असं तिच्या डोक्यात बसतं. त्यात ती मैत्रिणींना तोडते, कोचची वही चोरून बघते, आणि आतमध्ये तिची स्वतःबद्दलची समजूत "मी चांगली आहे" वरून "मी पुरेशी नाहीये" वर येते. माझ्या मते अख्ख्या सिनेमातलं सगळ्यात खरं हे एक वाक्य आहे. आपल्याकडे 94 टक्के पडलेलं पोरगंसुद्धा हेच म्हणत असतं.

तुमची लेक उठून गेली तो सीन मी दोनतीनदा थांबवून थांबवून बघितलाय. रायली मैत्रिणीला धडकते, पेनल्टी म्हणून तिला दोन मिनिटं बाजूला बसवतात, आणि तिथे तिचा श्वास लागतो. डोक्यात अँग्झायटी कन्सोलभोवती इतक्या जोरात फिरत असते की तिचं वादळच झालेलं असतं, पण त्या वादळाच्या मधोमध ती स्वतः मात्र गोठून उभी, डोळ्यात पाणी. बाहेरून भिंगरी आणि आतून दगड. ज्याला असं कधी झालंय त्याला ते बघताना आपलं कोणीतरी गुपचूप शूटिंग केलंय असं वाटणारच. आणि हे उगाच जमलेलं नाही, सिनेमा बनत असताना पिक्सारने नऊ टीनएजर मुलींचा गट हाताशी ठेवला होता, त्यांना सिनेमा दाखवून हे खरं वाटतं का ते विचारायचे, शिवाय लिसा डॅमूर नावाच्या, टीनएजर मुलींसोबत काम करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ सल्ल्याला होत्या.

मला न पटणारं एकच. तिथे जॉय, म्हणजे आनंदाची भावना, येते, सोड तिला म्हणते, अँग्झायटी हात काढते, रायलीच्या हाताला लाकूड जाणवतं, श्वास जागेवर येतो, मैत्रिणी माफ करतात, संपलं. 96 मिनिटांच्या सिनेमाला घाई असते, घराला नसते. घरी हे दोन पावलं पुढे एक मागे असं चालतं, तेव्हा बघा, रायली कशी लगेच बरी झाली, असं चुकूनही म्हणू नका.

परत बसवून समजावू का, तर नको. तिला समजलंय म्हणून तर ती उठून गेली. वहीचं पान बघितलंत तेही तिला सध्या सांगू नका. क्रेडिट्सच्या मध्ये एक छोटा तुकडा आहे तो मात्र तुम्ही एकट्या बघा. कॅम्पवरून घरी आलेल्या रायलीला आईबाप विचारतात, कसा झाला कॅम्प? एवढं सगळं रामायण घडलंय आणि पोरगी सांगते काय, तर छान झाला. बस्स. आईबाप आतल्या आत हिरमुसतात. तुमचं "झोप आली" त्याच जातीचं आहे. प्रश्न विचारला की दार लागतं, म्हणून समोरासमोर बसून विचारण्यापेक्षा भाजी निवडताना, स्कूटरवर मागे बसवून क्लासला सोडताना, म्हणजे डोळ्याला डोळा नसेल तेव्हा, स्वतःचं काहीतरी सांगा. मला आज ऑफिसात बोलताना असं छातीत धडधडलं वगैरे. तिने काही उत्तर नाही दिलं तरी चालेल.

हां, पण झोप, जेवण बिघडलंय, शाळेत जायचं नाव काढलं की पोटात दुखतं, आवडीचं सगळं सुटलंय आणि हे आठवडेच्या आठवडे चाललंय असं दिसलं तर वाट न बघता डॉक्टर किंवा समुपदेशक गाठायचे. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, 14416, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आणि जीव देण्याबद्दल ती काही बोलली, अगदी गमतीत बोलली तरी, त्याच दिवशी.

प्रश्न : ताई मी 15 वर्षांचा आहे, फास्ट बॉलिंग करतो. जिल्ह्याच्या सिलेक्शनला वाइड टाकले आणि तेव्हापासून यॉर्कर पडतच नाहीये, रनअपलाच पाय जड होतात. बहिणीबरोबर हे सिनेमे बघतो पण सगळ्यात मुलीच का असतात? मित्रांना सांगितलं तर हसतात.
— नाव देऊ नका, सातारा

उत्तर : नाही देत. मुलीच का हा प्रश्न बरोब्बर आहे, पडद्यावर पोरगा घाबरला की त्याला लगेच तलवार तरी देतात नाहीतर सुपरपॉवर. अपवाद आहेत, 'बिग हिरो 6' मधला हिरो 14 वर्षांचा असतो, मोठा भाऊ आगीत गेलेला, आणि भावाने बनवलेला तो गुबगुबीत रोबो त्याला दुखणं 1 ते 10 मध्ये किती असं शांतपणे विचारतो. माइल्स मोरालेसची, म्हणजे स्पायडरमॅनचीच, 'द स्पायडर विदिन' म्हणून एक शॉर्टफिल्म 2024 मध्ये यूट्यूबवर आलीये, त्यात त्याला पॅनिक अटॅक येतो आणि शेवटी तो बापाकडे जातो. काही मिनिटांचीच आहे, मित्रांना सरळ लिंक पाठव, काही बोलू नको, हसतात का बघ.

पण तुझ्या यॉर्करची गोष्ट मला दुसरीकडेच सापडली, आणि ती मुलीचीच आहे, सॉरी. जपानी दिग्दर्शक मियाझाकींचा 1989 चा 'किकीज डिलिव्हरी सर्व्हिस'. किकी 13 वर्षांची चेटकीण, घर सोडून नव्या गावात येते, झाडूवर बसून पार्सलं पोचवते, आणि एक दिवस झाडू उडतच नाही. कारण काही नाही, पडली नाही, लागलं नाही, नुसतं येत होतं ते येईनासं झालं. ती उतारावरून पळत सुटते, उड्या मारते, तसा तू नेटमध्ये दिवसाला शंभर बॉल टाकत असशील. तिला एक चित्रकार मैत्रीण भेटते जिला चित्र येईनासं झालं होतं, ती सांगते, आधी खूप काढत राहायचं, तरी जमेना तर सोडून द्यायचं, फिरायचं, बाहेर बघत बसायचं, दुपारी झोपायचं. तूही दोन आठवडे बॉल हातात घेऊ नको, कोचना खरं कारण सांगून. परत सुरू करशील तेव्हा यॉर्कर पहिल्यासारखा पडेलच असं नाही, किकीही परत उडते ती आधी जरा वेडीवाकडीच, आणि मूळ जपानी सिनेमात तिचं बोलणारं मांजर शेवटपर्यंत परत बोलत नाही.

प्रश्न : हे अँग्झायटी वगैरे सगळं आत्ताचं फॅड आहे. नातू सातवीत, सिनेमा बघून मला टेन्शन येतं म्हणतो. आमच्या वेळी असलं काही नव्हतं. मी नववीत नापास झालो तेव्हा घरी तोंड दाखवायला नको म्हणून दोन रात्री एस.टी. स्टँडवर झोपलो, पण कधी रडत बसलो नाही.
— एक आजोबा, कोल्हापूर

उत्तर : आजोबा, नववीतला मुलगा दोन रात्री स्टँडवर झोपतो त्याला तुमच्या वेळी नाव नव्हतं, एवढंच. 2022 चा 'टर्निंग रेड' नातवाबरोबर बघा. टोरांटोतली 13 वर्षांची मेई चिडली, लाजली की भला मोठा लाल पांडा होते आणि आई तिच्या मागे हात धुवून लागते. शेवटी बांबूच्या बनात मेईला एक लहान मुलगी रडताना सापडते, ती असते तिची स्वतःची आई, जी तिच्या आईला, म्हणजे मेईच्या आजीला, कधीच पुरी पडली नाही, मग मेई तिचा हात धरून चालायला लागते आणि चालता चालता ती मुलगी मोठी होत जाते. तिथे जरा नातवाकडे बघा. आणि ते स्टँडचं त्याला सांगा, रात्री खाल्लंत काय तेही सांगा, कारण पोरं पहिलं तेच विचारतात.