पिनो न्वार आणि बरोलो रंगाला सारख्या, मग चवीत इतका फरक का?

तुमचा प्रश्न असा, की फ्रान्समधल्या बरगंडीची पिनो न्वार आणि इटलीची बरोलो या दोन रेड वाइन एकाच बैठकीत चाखल्या, दोन्ही सारख्याच फिक्या लाल दिसल्या, पण पहिली अलगद उतरली आणि दुसरीने तोंड आवळून आलं. मग दुसरी बाटली खराब होती का, की वाइनच तशी असते?

वाइनच तशी असते. बुचामुळे बिघडलेल्या बाटलीला ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास येतो आणि फळाचा गंध मेलेला असतो. तुम्ही वासाबद्दल काहीच तक्रार केलेली नाही, फक्त तोंड आवळल्याचं लिहिलंय. कोवळी बरोलो नेमकी तेच करते. या दोन्ही वाइन माझ्या फार आवडीच्या आहेत, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

चकवा दिला तो रंगाने. रेड वाइनला रंग द्राक्षाच्या सालीतून येतो आणि टॅनिन, म्हणजे तोंड आवळणारा तुरट घटक, साल व बियांमधून. काबर्ने सोव्हिन्यों किंवा सिरा अशा गडद वाइन प्यायची सवय असली, की गडद रंग म्हणजे तुरट वाइन आणि फिका रंग म्हणजे हलकी, असं डोक्यात पक्कं बसतं. पिनो न्वारच्या बाबतीत ते खरं ठरतं, कारण तिची साल पातळ, रंग कमी आणि टॅनिनही बेताचं. बरोलो ज्या द्राक्षाची होते त्या नेबिओलोत मात्र रंग कमी असून टॅनिन भरपूर असतं. शिवाय तिचा रंग टिकणारा नसतो, त्यामुळे काही वर्षांतच ग्लासच्या कडेला विटकरी छटा दिसायला लागते. बघणाऱ्याला वाटतं वाइन नाजूक आहे, आणि पहिल्या घोटाला गैरसमज दूर होतो.

पुढच्या वेळी बरोलोचा घोट लगेच गिळू नका, क्षणभर तोंडात फिरवा. आधी गुलाब आणि आंबट चेरी जाणवेल. मग वरच्या पुढच्या दातांमागची हिरडी कोरडी पडेल, ओठांच्या आतली बाजू दातांना चिकटल्यासारखी होईल. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना बांधून ठेवतं आणि तोंडाचा ओशटपणा जातो, म्हणून असं होतं. फार वेळ उकळलेल्या कोऱ्या चहाने होतं तसंच. हा तुरटपणा आहे, कडवटपणा नव्हे. आणि त्याच वेळी गालांच्या आतून पाणीही सुटतं, कारण नेबिओलोत आम्लही चढं असतं. तोंड एकदम कोरडंही आणि ओलंही, ही ओढाताण मला इतर फारच थोड्या वाइनमध्ये सापडते. पिनोतही आम्ल चांगलं असतं, पण टॅनिन मऊ असल्यामुळे ते फळाला उचलून धरतं, घोट संपल्यावरही रासबेरी-चेरीच मागे राहते.

वासातही दोघींचे मार्ग वेगळे. कोवळ्या पिनोत रासबेरी, स्ट्रॉबेरी, लाल चेरी, कधी व्हायोलेटची फुलं. वय वाढलं की ओला पालापाचोळा आणि अळंबी. बरोलोत फळ पुढे येत नाही. सुकलेला गुलाब आणि डांबर ही तिची जगभर ओळखली जाणारी जोडी, सोबत ज्येष्ठमध आणि सुकलेल्या वनस्पती. डांबर ऐकून दचकू नका. गुलाबाच्या गोडसर वासाखाली तो काळसर, धुरकट पदर नसेल तर मला बरोलो अपुरी वाटते.

अर्थात सगळ्या बरगंडी सारख्या नाहीत, सगळ्या बरोलोही नाहीत. बरगंडीत कोत दोर या चुनखडीच्या अरुंद पट्ट्यात शाम्बोल-म्युझिनीची वाइन नाजूक असते, तर जवळच्याच झेव्हरे-शाम्बेरतँची भरदार. व्होलने आणि पोमार ही तर लागून असलेली गावं, तरी पोमार जास्त कणखर. बरोलोचं असंच. इटलीतल्या पिएमाँतेच्या लांगे टेकड्यांवर ला मोराकडची वाइन तुलनेने मऊ आणि सुवासिक, सेरालुंगा द'आल्बाकडची कडक आणि उशिरा उमलणारी. तुमच्या बाटलीवर सेरालुंगा असेल आणि वाइन चार-पाच वर्षांचीच असेल, तर तोंड आवळणारच.

नेबिओलो उशिरा पिकते, तोडणी बरेचदा ऑक्टोबरात होते. पुढे थांबायचं ते वेगळंच. नियमाप्रमाणे तोडणीच्या वर्षाच्या 1 नोव्हेंबरपासून किमान 38 महिने बरोलो मुरवावी लागते, त्यातले 18 लाकडात; रिझेर्वा, म्हणजे जास्त मुरवलेली, असेल तर 62 महिने. एवढं करूनही बाजारात येते तेव्हा ती कोवळीच असते. 1980 च्या दशकात काही उत्पादकांनी साली रसात भिजवायचा काळ कमी केला आणि स्लाव्होनियन ओकच्या मोठ्या पिंपांऐवजी नवी छोटी फ्रेंच पिंपं आणली, म्हणजे वाइन लवकर पिता यावी. जुन्या वळणाच्या लोकांशी त्यांचे चांगलेच खटके उडाले. आज बरेच जण मधला रस्ता धरतात. माझा कल मोठ्या पिंपांकडे आहे. नव्या ओकचा व्हॅनिला त्या गुलाबावर चढून बसतो. पिनोचं तर याहून नाजूक, तिथे लाकूड जरा जास्त झालं की वाइन हातची गेली.

कोणती पहिली उघडायची, याला महत्त्व आहे. पिनो आधी, बरोलो नंतर. उलट केलंत तर बरोलोचं टॅनिन जिभेवर रेंगाळतं आणि बिचारी पिनो पाणचट लागते. पिनो 14-15 अंशांवर द्या, बरोलो 17-18 वर. थंड बरोलो आणखी तुरट लागते. कोवळी बरोलो दोनेक तास आधी डिकँटरमध्ये, म्हणजे वाइनला हवा लागावी म्हणून वापरायच्या काचेच्या भांड्यात, ओतून ठेवा, जुन्या पिनोला मात्र त्या वाटेला नेऊ नका, तिचा वास बघता बघता उडून जातो. आणि बरोलो नुसती पिऊ नका. सोबत प्रथिनं आणि स्निग्धता असलेलं काही खाल्लं की टॅनिनला पकडायला लाळेशिवाय दुसरं काही मिळतं, आणि तीच वाइन एकदम माणसाळते.

नुसत्या गप्पांसोबत प्यायची असेल तर मी पिनोच उघडेन. पण पंधरा वर्षं मुरलेली चांगली बरोलो समोर आली, तर माझ्या मते पिनो न्वारच्या बहुतेक बाटल्या तिच्यापुढे फिक्या पडतात. तुम्हाला नेबिओलोला पुन्हा संधी द्यायची असेल, तर लगेच दुसरी कोवळी बरोलो घेऊ नका. आधी लांगे नेबिओलो घ्या, ती लवकर पिण्यासाठीच केलेली असते. नंतर बार्बारेस्को, तीही नेबिओलोचीच. तिला 26 महिनेच मुरवावं लागतं, आणि ती सहसा थोडी सौम्य लागते. त्या दोन्ही आवडल्या तर ला मोराची, निदान दहा वर्षं झालेली बरोलो शोधा.