तिच्या वहीचे फोटो मला कशाला पाठवलेत?

गोव्यातल्या डिचोलीजवळच्या एका गावातनं एका आईचं पत्र आलंय. मुलगी २० वर्षांची, बीएच्या दुसऱ्या वर्षाला. ११ ते १४ या वयात, म्हणजे २०१६ ते २०१९, ती मुंबईत एका मराठी मालिकेत होती आणि आई बालवाडीतली नोकरी सोडून तिच्यासोबत राहिली. मालिका संपली, दोघी गावी परत आल्या, त्यानंतर मुलीने एकही ऑडिशन दिली नाही. आता ती त्या तीन वर्षांवर पुस्तक लिहितेय. आईचं म्हणणं, परत मुंबईला जा नाहीतर बीएड कर. वडिलांचं म्हणणं, पुस्तकच काढायचं तर एखादा लेखक धरून पटकन काढून टाकू, लोकांना चेहरा आठवतोय तोवर. प्रश्न असा की 'तिला आता कुठच्या लायनीला घालू?'

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. त्यात 'आम्ही' इतक्या वेळा आलंय की पहिल्यांदा मला कळेचना नेमकं कॅमेऱ्यासमोर कोण होतं. 'आम्ही ऑडिशन दिली', 'आम्ही सिलेक्ट झालो', अगदी 'दहावीला आम्हाला ७८ टक्के पडले' सुद्धा. आणि पुस्तकाचा विषय आला तिथे मात्र एकदम 'ती'. 'ती म्हणे पुस्तक लिहिते.'

मार्कांचं, कोर्सचं नंतर बोलू. आधी ते फोटो. पत्रासोबत तुम्ही तिच्या वहीच्या अकरा पानांचे फोटो पाठवलेत, 'लिहिण्यात दम आहे का ते बघा' म्हणून. मी पहिलं पान वाचलं, छान वाटलं, दुसरं उघडलं तर कोपऱ्यात गादीवरची चादर दिसली आणि अर्धी सरकवलेली उशी. म्हणजे ती कॉलेजला गेल्यावर वही उशीखालनं काढून फोटो घेतलेत. मी तिथेच थांबले. पुढची पानं वाचलेली नाहीत आणि वाचणारही नाही, आणि जे एक पान वाचलं त्यात काय आहे ते इथे लिहिणार नाही. जी मुलगी तीन वर्षं दिवसातनं पाच तास लोकांनी बघण्यासाठी जगली तिने एक वही अशी ठेवली की जी कुणाला दिसू नये, आणि नेमकी तीच आपण मोबाईलवर एका अनोळखी बाईला पाठवतो, हे जरा बसून आठवा. रागावून नाही म्हणत, पण हे मला तिच्या करिअरपेक्षा मोठं वाटलं.

तुमची खरी भीती मला सापडली ती तुमच्या पत्राच्या तिसऱ्या पानावर, आणि ती तुम्ही एका ओळीत उरकलीत. तिने मैत्रिणीकडनं एक इंग्रजी पुस्तक आणलं, कव्हरवरचं नाव तुम्ही धाकट्याकडनं वाचून घेतलंत आणि त्या रात्री तुम्हाला झोप लागली नाही. ते पुस्तक जेनेट मॅककर्डीचं. अमेरिकेतली बालकलाकार, मुलांच्या टीव्ही चॅनलवर गाजलेली, २०२२ मधे तिच्या आठवणींचं पुस्तक आलं आणि त्याचं नावच 'आई मेली याचा मला आनंद आहे' अशा अर्थाचं. कुठल्याही आईच्या पोटात गोळा येईल. पण आत काय आहे ते तरी कुणाकडनं ऐका. आईला स्वतःला नटी व्हायचं होतं, ते राहून गेलं, मग सहाव्या वर्षापासून मुलीची ऑडिशनं, मुलीच्या ताटात किती वाढायचं तेही आईच ठरवणार. आई २०१३ मधे कॅन्सरने गेली, आणि पुस्तक आलं त्यानंतर नऊ वर्षांनी. तुमची मुलगी मात्र तुम्ही असताना लिहितेय, तुमच्याच घरात, शेजारच्या खोलीत. मला तर यात आशाच दिसते, तुम्हाला काय दिसतं ते बघा.

तुम्ही त्या आईसारख्या आहात असं मी म्हणत नाहीये. पण एक गोष्ट तुम्ही स्वतः लिहिलीत आणि कौतुकाने लिहिलीत, त्यावर मी अडकले. ग्लिसरीन तिला चालायचं नाही, डोळे सुजायचे, म्हणून रडायचा सीन असला की तुम्ही मॉनिटरच्या मागे उभ्या राहायच्या आणि मंगळसूत्राला हात लावायच्या. ती खूण. म्हणजे आजीला आठव. आजी, तुमच्या सासूबाई, त्याच वर्षी गणेश चवथीच्या आधी गेलेल्या. 'एका टेकमधे ओके व्हायचं, डायरेक्टर खूश', असं तुम्ही लिहिता. आणि दीड पान पुढे लिहिता की 'हल्ली मी समोर येऊन बसले की ती उठून जाते, कारण कळत नाही'.

ताई, कारण दीड पान मागे आहे. असं मला वाटतं, चूकही असेन. सेटवर शिफ्ट चालू असते, सगळं युनिट पोरीकडे बघत उभं असतं, अशा वेळी आईला जे सुचतं ते ती करते, तुम्ही काही राक्षस नाही. पण अकरा वर्षांच्या पोरीचं आजीसाठीचं रडणं एपिसोडला एपिसोड वापरलं गेलं, आजीसाठी म्हणून ती कधी रडली की नाही कुणास ठाऊक. ते ती आता परत घ्यायला बसलीय. यात तुम्ही येणार, मंगळसूत्रासकट येणार, त्याची तयारी ठेवा.

आता यजमानांची ती 'लेखक धरू' वाली आयडिया. याच्यामागे एक गैरसमज आहे आणि तो फक्त तुमच्या घरात नाही, सगळीकडे आहे, की आत्मचरित्र म्हणजे नावाजलेल्या माणसाने साठीनंतर लिहायची गोष्ट, आणि नाव नसेल तर निदान चेहरा तरी ताजा पाहिजे. तुम्हीही लिहिलंय, 'विसाव्या वर्षी आत्मचरित्र लिहायला हिने काय केलंय?' अहो, ती आत्मचरित्र लिहितच नाहीये. आत्मचरित्रात जन्मापासनं सगळं येतं. आठवणींच्या पुस्तकाला एक तुकडा पुरतो, तीन वर्षांचा, एका खोलीचा, एका नात्याचा, आणि वाचक तो घेतो तो तुम्ही किती मोठ्या आहात म्हणून नाही तर तुम्ही किती नीट बघितलंत म्हणून. उलट विसाव्या वर्षी तिला मेकअप रूमचा वास आठवतोय, साठीत आठवेलच असं नाही. सांगून दुसऱ्याकडनं लिहून घेतलेलं पुस्तक वाईटच असतं असंही नाही हं, जुन्या सिनेनटी हंसा वाडकरांनी आपली हकीकत सांगितली, शब्दांकन अरुण साधूंनी केलं, १९७० मधे ते पुस्तक आलं आणि त्याच्यावरनं १९७७ मधे 'भूमिका' सिनेमा निघाला. पण हंसाबाईंना सांगायचं होतं म्हणून त्या सांगत होत्या. तुमच्याकडे बाबा सांगणार, लेखक लिहिणार, आणि मुलगी परत कव्हरवर फोटोला. म्हणजे परत दुसऱ्याने लिहिलेले डायलॉग!

तुमची दुसरी तक्रार वाचून तर मला हसूच आलं. 'सेटवर एवढी शुद्ध भाषा शिकवली आणि आता लिहिताना मधे मधे कोकणी घालते, गावठी लिहिते.' तीन वर्षं त्या पोरीला हेल काढू नको, असं नको तसं म्हण करून घासूनपुसून काढलं. आपल्याकडे घरात बोलायचं कोकणी, आणि पेपर, आरत्या, भजन, जत्रेतलं नाटक मराठी. तुमच्याच पत्रात आहे की ती पहिल्यांदा रंगमंचावर चढली ती सातव्या वर्षी, देवळाच्या मांडवातल्या नाटकात, आणि वाक्य विसरल्यावर सरळ कोकणीत बोलून मोकळी झाली आणि सगळा गाव हसला. तोच तिचा आवाज आहे. तो मालिकेने बंद केला होता, वहीत परत आलाय, कृपा करून तुम्ही शुद्ध करायला जाऊ नका.

आणि बालपणी काम केलं म्हणून जन्मभर तेच करायला पाहिजे असं कुठे आहे? मंगेशकरांचं मंगेशी तुमच्यापासनं काय लांब आहे? मास्टर दीनानाथ १९४२ मधे गेले तेव्हा लताबाईंचं तेरावं वर्षही सरलं नव्हतं, घर चालवायला म्हणून सिनेमात छोटी छोटी कामं केली, मेकअप आणि कॅमेरा कधीच आवडला नाही असं त्या स्वतः सांगायच्या. पुढे काय झालं ते मी सांगायला नको. (हे उदाहरण वाचून धाकट्याला गाण्याच्या क्लासला घालू नका, तो विषय नाही.)

पोटापाण्याचं मात्र स्पष्ट बोलते, कारण हे तिलाही ऐकू दे. पुस्तकावर घर चालत नाही. २५० रुपये किंमत, ५०० प्रती खपल्या आणि १० टक्के रॉयल्टी धरली तर हातात येतात १२,५०० रुपये, तेही मिळतील तेव्हा. कुणी म्हणालं की आधी तुम्ही पैसे भरा मग आम्ही पुस्तक काढतो, तर दारातनंच परत पाठवा. मालिकेच्या वेळी वडिलांनी जो करार सही केला तो शोधून एखाद्या वकिलाला दाखवा, गोपनीयतेची अट आहे का बघायला, आणि सेटवरच्या लोकांची नावं घालायची की बदलायची हेही त्याच वेळी विचारा. पण हे सगळं हस्तलिखित झाल्यावर. आधी तिने एखादा तुकडा पणजीच्या पेपरांच्या रविवार पुरवणीला पाठवावा, हजार बाराशे शब्दांचा. नाही छापला तर दुसरा पाठवावा.

कोर्सेसचं सांगायचं तर बीए पूर्ण करायचंच, पुढे ताळगावला विद्यापीठात मराठी एमए, शिकवायचं असेल तर नेट नाहीतर तुमचं ते बीएड, पटकथा लिहायची हौस आली तर पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटची प्रवेश परीक्षा, आणि सरकारी नोकरीला कोकणी लागते ती तिला येतेच. सबटायटल आणि भाषांतराचं काम तर तिच्यासारख्या तीन भाषा येणाऱ्या मुलीला आत्तापासनं घरबसल्या करता येईल. यातलं काय ते तीच ठरवेल, घाई नाही.

एक पैशाचा प्रश्न मात्र मी विचारणार, आवडणार नाही तुम्हाला. बालकामगार कायद्याचे नियम २०१७ मधे बदलले त्यात असं आहे की बालकलाकाराच्या कमाईतला कमीत कमी २० टक्के हिस्सा थेट राष्ट्रीयीकृत बँकेत त्या मुलाच्या नावावर फिक्स डिपॉझिटला जायला पाहिजे, आणि अठरा पूर्ण झाल्यावर तो त्याचा. तुमच्या मुलीचं बरंचसं काम त्या नियमानंतरचं आहे. पत्रात डिपॉझिटचा उल्लेख नाही, 'तिच्या पैशातनं म्हापशाला फ्लॅट घेतला, तिच्यासाठीच' एवढंच आहे. फ्लॅट कुणाच्या नावावर आहे? प्रॉडक्शनने डिपॉझिट केलं होतं का? कागद काढा आणि तिच्यासमोर ठेवा, ती मागायच्या आधी ठेवा. पैसा असेल तर तिला दोन वर्षं लिहायला मिळतील.

आता तुम्ही. पत्रात तुमच्याबद्दल एकच वाक्य आहे, 'माझं तर काय, बालवाडी सोडली ती सोडलीच.' वय दिलंय ४५. बीएड, नोकरी, मुंबई, परत उभं राहायचं, ही सगळी लायन तुम्ही तिच्या नावाने मला विचारलीत, पण मला वाचताना सारखं वाटत होतं की यातली अर्धी तुमची आहे. मुंबईत भाड्याच्या खोलीत तीन वर्षं, रोज पहाटे डबा, टेम्पररी शेजारी, गावात परत आल्यावर लोकांचं 'काय गो, संपली सिरियल?' हे तुम्ही कुणालाच सांगितलेलं दिसत नाही. लहान मुलांना सांभाळायचा तुम्हाला अनुभव आहे, पंचायतीत आणि आसपासच्या शाळांत जाऊन विचारा, बालवाडीचा एखादा कोर्स लागत असेल तर करा. या जूनलाच. तुमच्यासाठी वेगळी भेट ठेवते, तेव्हा मुलीचा विषय काढायचा नाही हं.

फोटो मी माझ्या फोनमधनं काढून टाकलेत. तुमच्याकडचे तुम्ही काढा, पण गुपचूप नको. आधी तिला सांगा की मी वही काढली होती आणि एका बाईंना दाखवली होती. ती चिडेल, दोन दिवस जेवणार नाही कदाचित. समजवायला जाऊ नका. आणि सांगताना हात गळ्याशी जाईल तुमचा, सवयीने, तेवढा जपा.