वहीत 110, रिपोर्टात वेगळंच

"साखर वाढली म्हणून आई खचली, की खचली म्हणून साखर वाढली?" मधुमेही माणसाच्या घरचे हा प्रश्न हमखास विचारतात. या मुलाने वर तक्रारही जोडली, "पथ्य करत नाही, कुणाचं ऐकत नाही."

आई पंचावन्नच्या, डायबेटिस जुना. (ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.) सोबत साखरेची वही आणली होती. उपाशीपोटी 110, 114, 108... सगळे आकडे एकाच पेनने, एका बैठकीत लिहिल्यासारखे. एचबीए1सी मात्र 10.4 टक्के, म्हणजे बरीच जास्त. ही तपासणी गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते, तिच्यापुढे वहीची डाळ शिजत नाही. मुलाला बाहेर बसवलं, तेव्हा बोलल्या, "खरा आकडा लिहिला की घरात पंचायत बसते हो मॅडम. काय खाल्लं, कधी खाल्लं. मशीन कपाटात टाकलंय."

इथवर हा आजाराचा वैताग. तो अनेकांना येतो आणि तो म्हणजे डिप्रेशन नव्हे. पण पहाटे चारला जाग, भिशी बंद, नातू आला तरी उठावंसं न वाटणं, हे वेगळं होतं. डिप्रेशन किती आहे हे मोजणाऱ्या पीएचक्यू-9 प्रश्नावलीत 27पैकी 16 गुण आले, म्हणजे बऱ्यापैकी. तिचा शेवटचा प्रश्न जीव नकोसा होण्याबद्दलचा. तो मी कधीच गाळत नाही. त्यांचं उत्तर 'नाही' होतं.

मुलाला सांगितलं, दोन्ही खरं आहे. मन खचलं की कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन साखर वर ढकलू शकतं, आणि त्याहून मोठं म्हणजे गोळी, चालणं, जेवण सगळंच सुटतं. साखर चढली की अंगात त्राण नसतं, लघवीला उठून उठून झोपेचं खोबरं होतं. सुरुवात कुठून झाली हे शोधत बसू नका, उपचार दोन्हीकडून करायचे. थकवा थायरॉइडचा असू शकतो, मेटफॉर्मिन ही डायबेटिसची गोळी बरीच वर्षं घेतल्याने बी12 जीवनसत्त्व कमी होऊ शकतं. म्हणून आधी त्या तपासण्या. त्यांचं बी12 कमीच निघालं, पण तेवढ्याने भागणार नव्हतं, मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. आणि मुलाला बजावलं, "आज किती?" हे विचारायचं नाही. संध्याकाळी आईसोबत चालायला जा.

"पण डिप्रेशनच्या त्या गोळ्यांनी साखर वाढेल ना?" त्याची शेवटची शंका. काही गोळ्यांनी वजन वाढतं, काहींनी साखर थोडी उतरतेही. म्हणून डायबेटिसची सगळी औषधं तिथे दाखवायची, सुरुवातीचे काही आठवडे साखर जरा जास्त वेळा बघायची आणि बरं वाटलं म्हणून गोळी मनाने सोडायची नाही.