एमपीएच की बायोस्टॅटिस्टिक्स? आधी तो आकडा तपासू

प्रश्न : मी सांगलीत बी.एस्सी. संख्याशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. अमेरिकेत मातामृत्यूचं प्रमाण वीस वर्षांत दुपटीहून जास्त वाढलं, असं वाचलं. एवढ्या श्रीमंत देशात असं कसं? मला याच विषयात काम करायचं आहे. तिथे जाऊन एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी, करू का? बाबा म्हणतात, बँकेच्या परीक्षा दे.

उत्तर : एमपीएचकडे नंतर वळू. आधी तू वाचलेला आकडा हातात घेऊ, कारण तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यातच आहे.

गेल्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत दर लाख जिवंत जन्मांमागे सहाशेच्या आसपास माता दगावत. प्रतिजैविकं आणि रक्तपेढ्या आल्या, बाळंतपणं सुधारली आणि १९८७ मध्ये हा दर ७ च्या आत आला. त्यानंतर तो चढत गेला. २०१८ मध्ये १७.४, तर २०२१ मध्ये थेट ३२.९.

आता मृत्यूच्या दाखल्याकडे बघ. २००३ मध्ये तिथल्या दाखल्याच्या नमुन्यात एक नवा रकाना आला. मृत व्यक्ती स्त्री असेल तर पाचांपैकी एका चौकटीत खूण करायची : गेल्या वर्षभरात गरोदर नव्हती, मृत्यूच्या वेळी गरोदर होती, त्याआधीच्या ४२ दिवसांत होती, ४३ दिवस ते वर्षभराच्या काळात होती, माहीत नाही. हेतू चांगलाच होता, कारण आधी कितीतरी मातामृत्यू नोंदीतून निसटत. पण सगळ्या राज्यांनी हा नमुना एकाच वेळी स्वीकारला नाही. शेवटचं राज्य २०१७ मध्ये आलं. म्हणजे वर्षागणिक एकेक राज्य नव्या मोजणीत येत गेलं आणि देशाचा आलेख चढत गेला. त्यात चुकीच्या खुणांची भर. पंच्याऐंशी ओलांडलेल्या आजीबाईंच्या दाखल्यांवरही 'गरोदर' अशी खूण सापडली! टेक्ससमध्ये २०१२ चे १४७ मातामृत्यू पुन्हा तपासले, तेव्हा ते ५६ च भरले. या गोंधळापायी २००७ नंतर देशाचा अधिकृत दर जाहीर होणंच थांबलं होतं. २०१८ चा दर आला तो २०२० च्या जानेवारीत.

२०२४ च्या एका अभ्यासाने फक्त खुणेवर विसंबायचं सोडलं आणि मृत्यूच्या कारणांत गरोदरपणाचा स्पष्ट उल्लेख असलेल्या नोंदीच धरल्या. तेव्हा १९९९-२००२ चा दर निघाला १०.२ आणि २०१८-२१ चा १०.४. यावर सरकारी यंत्रणेचं म्हणणं असं, की या पद्धतीत खरे मातामृत्यूही गळतात. वाद मिटलेला नाही.

म्हणून 'सगळा कागदी घोळ' म्हणून हात झटकू नकोस. २०२१ ची उसळी बरीचशी कोविडची होती. २०२३ मध्ये दर १८.६ वर उतरला. पण त्याच वर्षी गोऱ्या स्त्रियांमध्ये तो १४.५ होता आणि कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये ५०.३. मोजणीची पद्धत बदला, ही दरी काही बुजत नाही. तिथल्या राज्यांच्या समित्या एकेका मृत्यूची फाइल उघडून चौकशी करतात. २०१७-१९ च्या मृत्यूंपैकी ८० टक्क्यांहून अधिक टाळता आले असते, असं त्यांना आढळलं. कारणांत सगळ्यात वर रक्तस्राव नव्हता, मानसिक आजार होते. आत्महत्या आणि अमली पदार्थांचा अतिरेक त्यातच मोडतो. निम्म्याहून जास्त मृत्यू बाळंतपणाला आठवडा उलटल्यानंतरचे. आपल्याकडे सव्वा महिना बाळंतिणीवर घरच्यांचं लक्ष असतं, तिथे बहुतेकींची पहिली तपासणीच कित्येक आठवड्यांनी व्हायची.

हे वाचताना तू दाखल्याच्या रकान्यापाशी रेंगाळलीस की समित्यांच्या फायलींपाशी? रकान्यापाशी असशील, तर तुझी वाट बायोस्टॅटिस्टिक्सची, म्हणजे आरोग्याच्या आकडेवारीच्या संख्याशास्त्राची, किंवा लोकसंख्याशास्त्राची. एमपीएचमध्ये सगळ्याचं थोडं थोडं शिकवतात. डॉक्टर, नर्सिंगवाले आणि काही वर्षं फील्डवर काढलेल्यांना ते छान लागू पडतं. संख्याशास्त्राच्या ताज्या पदवीधराने कर्ज काढून ते करावं, असं मला वाटत नाही. अमेरिकेचंच डोक्यात असेल, तर एक व्यवहाराची गोष्ट : शिक्षणानंतर तिथे कामासाठी जी जादा मुदत मिळते, ती बायोस्टॅटिस्टिक्स आणि एपिडेमिऑलॉजीला (रोगप्रसाराच्या शास्त्राला) लागू आहे, सर्वसाधारण एमपीएचला बहुधा नाही. प्रवेश घेण्याआधी अभ्यासक्रमाचा वर्गीकरण कोड विचारून घे. एजंट हे आपणहून सांगत नाहीत.

पण आधी मुंबईत, देवनारला जाऊन ये. तिथल्या आयआयपीएस या लोकसंख्येच्या अभ्यासाच्या संस्थेत बायोस्टॅटिस्टिक्स आणि लोकसंख्याशास्त्राची एम.एस्सी. आहे आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचं काम तीच संस्था बघते. विषय तुझाच आहे : २०१८-२० मध्ये भारताचा मातामृत्यू दर ९७ होता आणि महाराष्ट्राचा ३३. फाइल उघडून बघण्यात रस असेल, तर एमपीएच जरूर कर, पण एक-दोन वर्षं नोकरी करून. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत (टिस) किंवा तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत बघ.

बाबांना सांग, क्लिनिकल ट्रायल म्हणजे औषधांच्या चाचण्या करणाऱ्या कंपन्यांना पुण्या-मुंबईत संख्याशास्त्रवाले लागतात. आर आणि सॅस ही आकडेमोडीची सॉफ्टवेअर येत असली की झालं. तरी बँकेचा फॉर्म भरून टाक, त्याने काही बिघडत नाही.

प्रोजेक्टचा विषय ठरला नसेल, तर अमेरिकेच्या सरकारी आरोग्य यंत्रणेच्या सीडीसी वंडर या संकेतस्थळावरून १९९९ ते २०२० चे मातामृत्यू फुकट उतरवून घे. पंचेचाळिशीच्या आतल्या आणि पुढच्या वयोगटांच्या रेघा वेगवेगळ्या काढ. २०१८ पासून पंचेचाळिशीपुढच्या स्त्रियांसाठी दाखल्यावरची नुसती गरोदरपणाची खूण धरायची नाही, असा नियम झाला. आलेखात तो कुठे दिसतो ते शोध आणि मला पाठव.